न्युक्लिएटिंग एजंट टाकलं की पीपी ठिसूळ होतं का?

साचेवाला
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

आमचा एक पार्ट आहे, क्लिपचं झाकण असलेला डबा, पीपी (पॉलिप्रोपिलीन) होमोपॉलिमरचा, म्हणजे फक्त प्रोपिलीनच्या साखळ्यांचा, भिंत २ मिमी. कित्येक वर्षं साध्या ग्रेडवर चालला. तक्रार एकच, एकावर एक रचले की खालचे वाकतात. मग पुरवठादार म्हणाला न्युक्लिएटेड ग्रेड (स्फटिक लवकर धरावेत म्हणून पावडर टाकलेला) घ्या, कडक होईल, सायकल पण घटेल. घेतला, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, रचलेले डबे आता वाकत नाहीत आणि कूलिंग ३ सेकंदांनी कमी झालं. पण ड्रॉप टेस्टला कोपरा तडकायला लागला आणि क्लिप मुळापासून तुटते. आधी असं कधी होत नव्हतं. पुरवठादार म्हणतो मशीनचं सेटिंग बघा, आमचा प्रॉडक्शनवाला म्हणतो मटेरियलच ठिसूळ आहे, आणि मी मध्ये.

हजारात एखाद-दोन भाग टाकलेली पावडर प्लास्टिकचा स्वभाव खरंच इतका बदलते का? ज्यांनी स्वतः चालवलंय त्यांनी लिहा प्लीज.

बारीक_वाळू
होतं ठिसूळ. कडकपणा पाहिजे तर चिवटपणा सोडायचा, दोन्ही एकदम मिळत नाही. जुना ग्रेड परत घ्या आणि मोकळे व्हा.

रनर_गेट
माझा अनुभव उलटा आहे, न्युक्लिएटेड घेतल्यावर इम्पॅक्ट (धक्का सोसायची ताकद) थोडा सुधारलाच होता. रात्री सविस्तर लिहितो.

स्फटिका
वाळू, इतकं सरळ नाहीये ते. जरा मुळापासून सांगते, लांबेल.

वितळलेल्या पीपीत साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थंड होताना त्यांचे काही भाग नीट घड्या घालून स्फटिक बनवतात, उरलेले तसेच अस्ताव्यस्त राहतात. पण घडी घालायला सुरुवात कुठून करायची? त्यासाठी बी लागतं. साध्या पीपीत अशी बियाणी फार थोडी, उरलेल्या कॅटॅलिस्टचा कण, धूळ, असलंच काहीतरी. म्हणून होमोपॉलिमर वितळतं १६५ अंशांच्या आसपास, पण डीएससीत (तापवताना-थंड करताना उष्णता मोजणारी चाचणी) मिनिटाला १० अंश वेगाने थंड केलं तर गोठण्याचं टोक दिसतं ११०-११५ ला. म्हणजे पन्नास अंश खाली येईपर्यंत ते नुसतं वाट बघत असतं. ढगात पाण्याचं बाष्प असूनही थेंब धरायला कण लागतो, तसंच हे. चांगला न्युक्लिएटर टाकला की तेच टोक १२५-१३० ला जातं. तुमचे ३ सेकंद तिथून आले.

आता गुणधर्म. बिया थोड्या असल्या की प्रत्येक बीपासून स्फटिकाचा गोळा मोठा वाढतो, ५०-१०० मायक्रॉन सहज. याला स्फेरुलाइट म्हणतात. बिया प्रचंड असल्या की गोळे काही मायक्रॉनचेच राहतात कारण शेजारी लगेच भिडतो. शिवाय जास्त तापमानाला गोठल्यामुळे स्फटिकांचे पापुद्रे जाड होतात आणि एकूण स्फटिकता दोन-चार टक्के वाढते. याचा परिणाम कडकपणावर सरळ दिसतो, होमोपॉलिमरचा फ्लेक्स मॉड्युलस (वाकवायला होणारा विरोध) १.५ गिगापास्कलच्या आसपास असतो तो १.८ ते २ पर्यंत जाऊ शकतो, एचडीटी (वजनाखाली वाकायला लागण्याचं तापमान) पण दहा-पंधरा अंश चढतो. ताणून तुटेपर्यंतची लांबी मात्र बहुतेक वेळा घटते.

इम्पॅक्टचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. मोठ्या गोळ्यांच्या सीमा कमकुवत असतात, तडा तिथून पळतो, त्यामुळे गोळे बारीक झाले की फायदा. पण पापुद्रे जाड झाले आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या साखळ्या कमी पडल्या की तोटा. दोन्ही एकाच वेळी चालू असतं. म्हणून रनर_गेट म्हणतात ते खरं असू शकतं आणि साचेवाल्यांचं पण.

पायलट_लॅम्प
ताई, दंडवत. हे गोळे डोळ्याला दिसतात का कधी?

स्फटिका
मायक्रोस्कोपखाली अगदी सुंदर दिसतात. पातळ फिल्म वितळवायची, सावकाश थंड करायची आणि दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमधून बघायची. प्रत्येक गोळ्यावर काळी फुली उमटलेली दिसते. तीच फिल्म न्युक्लिएटर टाकून बघा, फुल्या गायब आणि नुसती बारीक रवाळ चमक. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तासभर हलले नव्हते जागेवरून.

बारीक_वाळू
ताई, मान्य, पण शेवटी त्यांची क्लिप तुटतेय ना. थिअरी काहीही असो.

रनर_गेट
लिहितो म्हटलं होतं. आमचा पार्ट पातळ होता, १ मिमीच्या आत, आणि साचा बराच थंड चालायचा. साध्या ग्रेडला कातडीला वेगळी आणि गाभ्यात वेगळी रचना व्हायची, त्यात पार्ट बाहेर आल्यावर दोन दिवस आकसत राहायचा. न्युक्लिएटेडमध्ये ते सगळं साच्यातच उरकलं. इम्पॅक्ट सुधारला तो मला वाटतं रचना सगळीकडे सारखी झाली म्हणून. पण आम्ही पावडर मिसळूनही पाहिली होती, तेव्हा मात्र वाट लागली. पावडर नीट पसरली नव्हती, गुठळ्या राहिल्या आणि प्रत्येक गुठळी म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. मास्टरबॅचने (पावडर आधीच दाण्यांत नीट मिसळलेली) घेतल्यावर ठीक झालं. साचेवाले, तुमचा ग्रेड तयार कंपाउंड आहे ना? मग गुठळीचा संशय कमी.

उशिरा_आलेला
मी प्लास्टिकवाला नाही, सहज विचारतो. पीपी पारदर्शक करायला टाकतात ते हेच का?

काच_पाणी
हो आणि नाही. सगळे क्लॅरिफायर न्युक्लिएटर असतात पण सगळे न्युक्लिएटर क्लॅरिफायर नसतात. पारदर्शकतेसाठी गोळे इतके बारीक हवेत की उजेड त्यांच्यावर विखुरणार नाही, म्हणजे दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, तिच्या जवळपास किंवा खाली. ते काम सॉर्बिटॉलवाली मंडळी करतात, पहिल्या पिढीचं डीबीएस, मग एमडीबीएस, मग डीएमडीबीएस. यांची गंमत म्हणजे हे वितळलेल्या पीपीत चक्क विरघळतात आणि थंड होताना साधारण १० नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचं जाळं बनवतात, पीपी गोठायच्या आधी. त्या जाळ्यावर पीपी स्फटिक धरतं. म्हणून बॅरलचं तापमान कमी पडलं तर ते विरघळतच नाही, पार्टवर पांढरे ठिपके येतात आणि लोक मटेरियलला शिव्या घालतात.

जुन्या डीबीएसला एक वास यायचा, गरम असताना ते थोडं फुटून बेंझाल्डिहाइड सुटायचं. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

ताकदीसाठी मात्र फॉस्फेट एस्टरची मीठं जास्त चांगली, कडकपणा आणि एचडीटी दोन्हीत सॉर्बिटॉलच्या पुढे. सोडियम बेंझोएट हा सगळ्यात जुना आणि साधा गडी. टाल्क पण न्युक्लिएट करतं, पण भरपूर टाकलं की त्याला फिलर म्हणायचं, तिथे कडकपणा टाल्कच्या स्वतःच्या ताठपणाने येतो, हिशेब वेगळा.

दाणेदार
सोडियमच्या मिठांचा विषय निघालाय तर एक महत्त्वाचं. कॅल्शियम स्टिअरेट बघा फॉर्म्युलेशनमध्ये. ते आम्ल मारायला जवळपास सगळ्या पीपीत असतं. पण सोडियम बेंझोएट किंवा फॉस्फेटवाल्या न्युक्लिएटरबरोबर त्याचं जमत नाही, आयनांची अदलाबदल होते आणि न्युक्लिएटरचा जोर उतरतो. म्हणून अशा ग्रेडमध्ये बऱ्याचदा त्याच्या जागी हायड्रोटाल्साइट घेतात. मी सहा महिने एका कंपाउंडचं मॉड्युलस का चढत नाही म्हणून डोकं फोडत होतो, स्टिअरेट बदललं आणि पुढच्याच बॅचला चढलं.

पायलट_लॅम्प
म्हणजे बाहेरून सगळं 'न्युक्लिएटेड पीपी' या एकाच नावाने मिळतं आणि आत प्रत्येकाची गोष्ट वेगळी.

बीटा_टेस्टर
आणि कोणी बीटाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलंय का? साचेवाल्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

पीपी एकाच पद्धतीने स्फटिक होत नाही. नेहमीचा तो अल्फा. वरच्या सगळ्या प्रतिसादांत फक्त अल्फाचे न्युक्लिएटर आलेत. दुसरा बीटा, तो वितळतो १५० च्या आसपास, डीएससीत त्याचं टोक वेगळं दिसतं. अल्फामध्ये पापुद्रे एकमेकांत आडवे-उभे विणलेले असतात, त्यामुळे ताठ, पण धक्का बसला की हलायला जागा नाही. बीटात ती वीण नसते. धक्का बसला की पापुद्रे सरकतात, बारीक पोकळ्या होतात, बीटाचा अल्फा होतो आणि या सगळ्यात ऊर्जा खर्च होते. इम्पॅक्ट कित्येक पट वाढू शकतो, मॉड्युलस थोडा पडतो. थोरला ताठ मानेचा आणि धाकटा पडून परत उठणारा, असे दोन भाऊ समजा :)

पहिले बीटा न्युक्लिएटर म्हणून वापरलं गेलं ते एक लाल रंगद्रव्य, क्विनाक्रिडोन. त्याने पार्ट गुलाबी व्हायचा. आता कॅल्शियम पिमेलेट आहे, नॅफ्थलिन डायकार्बॉक्सामाइड प्रकारातले आहेत, ते रंग देत नाहीत. गरम पाण्याच्या पीपी-आरसीटी पाइपांत (पीपी-आर म्हणजे रँडम कोपॉलिमर, आरसीटी त्याचा सुधारित प्रकार) याच वाटेने काम होतं. ७० अंशांवर ५० वर्षांच्या हिशेबाने साध्या पीपी-आरला भिंतीत सुमारे ३.२ मेगापास्कल ताण धरतात आणि आरसीटीला ५. तेवढ्याच दाबाला पाइपची भिंत पातळ करता येते.

बारीक_वाळू
मग सगळे बीटाच का नाही वापरत?

बीटा_टेस्टर
नाजूक असतो म्हणून. साचा फार थंड असला की होत नाही, घर्षण जास्त असलं की कातडीला अल्फा होतो, आणि मिश्रणात एखादा अल्फाचा जोरदार न्युक्लिएटर असला, अगदी एखादा रंगसुद्धा, तर तो बीटाला उभंच राहू देत नाही. पार्ट पारदर्शक होत नाही आणि दाबला की पांढरा पडतो. पाइपसारख्या जाड, सावकाश थंड होणाऱ्या वस्तूला छान, २ मिमीच्या वेगवान इंजेक्शन पार्टला जरा अवघड.

निळी_शाई
रंगाचा विषय निघाला म्हणून. एकाच साच्यातून निळं झाकण आणि पांढरं झाकण काढत होतो, एकच मशीन, एकच सेटिंग. पांढरं डब्यावर बसायचं, निळं पिळवटून यायचं. साच्याची तीन वेळा मोजणी केली. शेवटी कळलं की फ्थॅलोसायनिन निळा स्वतःच जबरदस्त न्युक्लिएटर आहे, हिरवा पण. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा त्यामानाने काहीच करत नाही. निळ्याने गोठणं लवकर सुरू होतं, आकसणं बदलतं आणि प्रवाहाच्या दिशेला वेगळं, आडवं वेगळं असं होतं, म्हणून पिळवटतं.

उपाय असा की सगळ्या रंगांत एकच जोरदार न्युक्लिएटर टाकायचा. जो सगळ्यात आधी बी धरतो त्याचं चालतं, मग रंग कुठलाही असो, आकसणं एकसारखं येतं. पण तो न्युक्लिएटर पण दोन्ही दिशांना सारखं आकसवणारा निवडावा लागतो, सोडियम फॉस्फेटवाले काही यात कच्चे आहेत.

साचेवाला
मंडळी, आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमचा डबा पांढरा आहे आणि झाकण निळंच आहे! झाकण जरा घट्ट बसतं असं लाइनवरची मुलं म्हणत होती, मी लक्ष दिलं नव्हतं. घट्ट बसतं म्हणजे क्लिपवर कायमचा ताण.

स्फटिका
साचेवाले, दोन्ही ग्रेडचा एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतं तो आकडा) किती? हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं मी.

साचेवाला
जुना ११. नवा २५. पुरवठादार म्हणाला होता सोपं भरतं म्हणून हा घ्या.

स्फटिका
मग इथेच आहे बरंचसं. एमएफआय ११ वरून २५ म्हणजे साखळ्या बऱ्याच आखूड झाल्या. पापुद्र्यांना एकमेकांशी बांधायचं काम लांब साखळ्या करतात, एक टोक या पापुद्र्यात आणि दुसरं त्या. साखळी आखूड झाली की असे बांध कमी, आणि इम्पॅक्ट त्याने घसरतो, न्युक्लिएटर असो वा नसो. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यात आणि दोष एकीच्या माथी गेला. तुलना करायची तर त्याच एमएफआयचा, त्याच पॉलिमरचा, एक न्युक्लिएटरसह आणि एक शिवाय, असेच घ्यायला हवेत. कित्येक तक्तेसुद्धा हा घोळ करतात, म्हणून मला या विषयावर राग येतो.

दाणेदार
+१. आणि तुमचा २५ वाला पेरॉक्साइडने साखळ्या तोडून बनवलेला आहे का ते पण विचारा.

थंडगार
अजून एक, चाचणी कधी केलीत? पीपी साच्यातून बाहेर आल्यावर कित्येक तास, दिवस हळूहळू स्फटिक होत राहतं. गरम गरम पट्टी वाकवली तर आकडा एक, दोन दिवसांनी दुसरा. २३ अंशांना किमान ४० तास ठेवून मग चाचणी घ्यायची पद्धत आहे ती उगाच नाही. न्युक्लिएटेडमध्ये बरंचसं काम साच्यातच उरकतं, साध्यात नंतर होतं, म्हणजे ताज्या पार्टवर तुलना केली तर साधा ग्रेड आहे त्यापेक्षा चिवट वाटणार.

आणि ड्रॉप टेस्ट कुठल्या तापमानाला? पीपीचं काच संक्रमण (ज्याच्या खाली ते काचेसारखं ठिसूळ होतं ते तापमान) शून्य अंशाच्या आसपासच आहे. थंडीत होमोपॉलिमर तुटणारच, त्यात न्युक्लिएटरचा काही संबंध नाही. त्यासाठी इम्पॅक्ट कोपॉलिमर लागतो, ज्यात इथिलीन-प्रोपिलीनचे रबरी कण असतात. धक्का रबर खातं आणि न्युक्लिएटर बाकीच्या पीपीला ताठ करतो, गाडीच्या बंपरसारख्या भागांत ही जोडी कामाला येते.

साचेवाला
तासाभराने केली होती चाचणी, शॉट काढले आणि टाकले. तापमान खोलीचंच होतं. हे सगळं परत करतो आणि येतो इथे.

फिलामेंट_बाई
साचेवाले येईपर्यंत एक शंका. पीएलएमध्ये (३डी प्रिंटिंगचं प्लास्टिक) पण हे चालतं का? माझे प्रिंट गरम जागी मऊ पडतात.

काच_पाणी
चालतं आणि तिथे फरक जास्त नाट्यमय आहे. पीएलए इतकं सावकाश स्फटिक होतं की साध्या थंड करण्यात जवळपास होतच नाही, म्हणून ६० अंशांच्या पुढे मऊ पडतं. टाल्क वगैरे न्युक्लिएटर असलेला प्रकार घेऊन प्रिंट नंतर भट्टीत नीट तापवला तर १०० च्या वर टिकू शकतो. पण तापवताना आकसतो आणि वाकतो, माप आधीच धरून ठेवा. याच्या उलट पॉलिथिलीन, ते स्वतःच इतकं झटपट स्फटिक होतं की न्युक्लिएटरला मध्ये शिरायला फारसा वेळ मिळत नाही.

फिलामेंट_बाई
धन्यवाद, करून बघते.

साचेवाला
आलो परत, थोडा वेळ लागला.

पुरवठादाराकडून एमएफआय ११ चा न्युक्लिएटेड ग्रेड मिळाला, तोच बेस साधा पण मिळाला. दोन्हीच्या पट्ट्या काढल्या, दोन दिवस ठेवल्या, मग चाचणी. फ्लेक्स चांगला चढलाय, रचलेले डबे वाकत नाहीत. नॉचवाला आयझॉड (खाच पाडलेल्या पट्टीची इम्पॅक्ट चाचणी) दोन्हीचा इतका जवळ आला की पट्टी-पट्टीतला फरकच त्याहून जास्त आहे. ताणून तुटायची लांबी मात्र न्युक्लिएटेडची खरंच कमी आहे, ताईंनी म्हटलं होतं तसंच. २५ एमएफआयवाला आयझॉडला दोघांच्याही स्पष्ट खाली. आणि दाणेदार, तो पेरॉक्साइडवालाच निघाला.

डब्याचा कोपरा आता ड्रॉप टेस्टला टिकतो. क्लिप कमी तुटतात पण अजून तुटतात.

बारीक_वाळू
मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो, 'लांबी कमी होते' एवढं ठेवतो.

निळी_शाई
क्लिप झाकणावर आहेत ना? मग निळ्याचं बघा. आणि क्लिपच्या मुळाशी त्रिज्या किती आहे? क्लिप उघडताना वाकते म्हणजे तिथे ताणच पडतो, आणि ताणाची लांबी तर तुमची आता कमी झालीय.

साचेवाला
०.२ मिमी आहे मुळाशी. जवळजवळ धारदारच. जुन्या ग्रेडने इतकी वर्षं ते खपवून घेतलं.

रनर_गेट
०.५ करा निदान, ०.८ जमलं तर उत्तम. साच्यात धातू काढायचाच आहे, भरायचा नाही, त्यामुळे अर्ध्या दिवसाचं काम. आणि गेट (प्लास्टिक साच्यात शिरतं ते तोंड) क्लिपच्या बरोबर समोर असेल तर वेल्ड लाइन (दोन प्रवाह जुळतात ती रेघ) कुठे पडतेय तेही बघा, ती मुळात पडत असेल तर कुठलाच ग्रेड वाचवणार नाही.

साचेवाला
वेल्ड लाइन दोन क्लिपांच्या मधोमध पडतेय, तिथे ठीक आहे. त्रिज्या ०.६ करायला साचा टूलरूमला पाठवलाय. डबा आणि झाकण दोन्ही आता एकाच न्युक्लिएटेड बेसवर घेतोय, आकसण्याची मापं आली की टाकतो इथे.

निळी_शाई
पांढऱ्याची आणि निळ्याची दोन्हींची टाका. प्रवाहाची दिशा आणि आडवी, वेगवेगळी.